पावणाईचा डावा कौल

१

भागोजी गुरवाचं डोकं जांभ्या दगडानं कुणी ठेचलं हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. पण गावानं न्याय करून टाकला होता. मतदानाच्या बंदोबस्ताला आलेला फौजदार आत्माराम मयेकर मुक्कामाच्या शाळेतून धावत देवळापाशी पोचला तेव्हा काशीरामाला सुरंगीच्या झाडाला काथ्यानं करकचून बांधलेलं होतं आणि निगडीचे फोक चालू होते. पाठीवर कातडं म्हणून उरलं नव्हतं. एक डोळा सुजून मिटला होता, तोंडातून रक्ताची लाळ गळत होती.

"हात तोडा त्याचा!" मागून कुणी ओरडलं. "ज्या हातानं गुरवाला मारलंन तोच हात तोडा!"

आणि खोताचा एक गडी खरंच कोयता उगारून पुढं झाला.

आत्मारामानं पिस्तूल काढून हवेत बार केला. झाडावरचे कावळे उडाले. गडी थबकला, पण कोयता काही खाली घेईना. आत्माराम सरळ त्याच्या अंगावर गेला आणि पिस्तुलाचा दस्ता त्याच्या मनगटावर असा हाणला की कोयता आणि माणूस दोन्ही जमिनीवर आले.

"आता पुढचा कोण?"

पुढचा कुणी नव्हता. गर्दीला हात शंभर असतात, पण मनगट एकाचंही नसतं.

पलीकडं काशीरामाचा धाकटा भाऊ महिपत याला चौघांनी मातीत दाबून धरलं होतं. तोंडात माती गेलेली, तरी तो किंचाळत होता, "सोडा त्याला! तो नव्हता! माझा भाऊ नव्हता तो!"

"काय केलंन ह्यानं?" आत्मारामानं विचारलं.

पोलीसपाटील आप्पा पुढं आला. पागोटं बांधून, पंचनामा लिहून तयार. "खून केलान साहेब. पहाटे गुरव पूजेला देवळात गेला. मागच्या अंगाला ह्यानं गाठून दगड घातलान. काल सगळ्या गावादेखत बोलला होता, डोकं फोडीन म्हणून. फोडलंन."

काशीरामानं मान उचलली. फुटलेल्या ओठांतून शब्द निघत नव्हते. "बोललो होतो," तो म्हणाला. "बोललो होतो, साहेब. पण मारला नाय मी."

मतदान दुसऱ्या दिवशी होतं.

२

हे सगळं रक्त कशासाठी? जिल्हा लोकल बोर्डाच्या एका जागेसाठी. नाटे गावाच्या पलीकडच्या किनारपट्टीची ही जागा एका रावबहादुरानं वर्षानुवर्षं बुडाखाली दाबून ठेवली होती. यंदा, १९३५ साली, म्हातारपणानं तो बाजूला झाला आणि जागा मोकळी पडली. बोर्डात दोन तट बरोबरीचे. ही जागा ज्याच्या हाती, त्याचा अध्यक्ष. अध्यक्ष ज्याचा, त्याचे रस्ते, त्याच्या शाळा आणि त्याच्याच विहिरी.

एका बाजूला खोत जयवंतराव. निम्म्या पट्ट्याची जमीन त्याची आणि त्या जमिनीवर जन्मलेली माणसंही आपलीच असं मानणारा. दुसऱ्या बाजूला काशीराम. खोताचं कूळ होता; मुंबईला गिरणीत राबून आला, चार तुकडे विकत घेतले आणि खोतासमोर पायताण घालून चालायला लागला. नुसत्या चालण्यानंच अर्धी लढाई झाली होती.

बाकीची गावं दोघांत अशी वाटली गेली होती की तराजूचा काटा हलत नव्हता. उरलं होतं हे कातळोली. आणि कातळोलीच्या शहाण्यांनी ठरवलं की मत कुणाला द्यायचं ते पावणाई देवीला विचारू!

सरकारनं मताचा हक्क दिला माणसाला, माणसानं तो नेऊन दगडापुढं ठेवला. असो.

काल सकाळी कौल लावला. देवीच्या उजव्या खांद्यावर एक आणि डाव्या खांद्यावर एक, अशा कण्हेरीच्या दोन कळ्या पाण्यानं चिकटवायच्या. गाऱ्हाणं घालायचं: 'आई, गावानं काशीरामाच्या मागं जावं का?' उजवी कळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गाभाऱ्यात दोघंच, गुरव आणि मानकरी म्हणून खोत. दरवाजा बुटका, त्यावर पडदा. बाकी सगळा गाव बाहेर अंगणात माना उंच करून उभा. काशीराम आणि महिपत दीपमाळेशी होते. थोड्या वेळानं भागोजी बाहेर आला आणि खणखणीत ओरडला, "डावा कौल!"

तेव्हाच काशीरामाचा तोल गेला होता. "खोताचा कुत्रा! डोकं फोडीन तुझं!" हे त्याचे शब्द सगळ्या गावानं ऐकले होते.

आत्मारामानं काशीरामाला सोडवून शाळेत नेलं, हवालदाराला राखणीला बसवलं आणि गुरवाच्या घरी गेला.

गुरवाची बायको हौसा ओटीवर बसली होती. नवऱ्याचं प्रेत चटईवर. डोक्याच्या मागच्या बाजूला हाडं आत गेलेली. ठेचलेला माणूस देवळाच्या मागून घरापर्यंत रांगत आला होता. रक्ताची वाट अंगणभर काढून ठेवली होती त्यानं. हौसाचं लुगडं कमरेपासून खाली लाल होऊन कडक झालं होतं. ती रडत नव्हती.

"बाय, शेवटी काय बोलले ते?"

तिच्याआधी आप्पा पाटील बोलला. "मी पंचनाम्यात घेतलंय साहेब. हे बघा. 'मरणापूर्वी मयत इसम दोनदा बोलला की, कौल फिरवला.' म्हणजे कसं, खोतसाहेबांनी दिलेला नव्हे, देवीनं दिलेला कौल खोटा करायला ह्या काशीरामानं त्याच्यावर जोर केलान, आणि—"

"असं नाय बोलले ते," हौसा म्हणाली.

"गप गो. तू शुद्धीत होतीस काय?"

"डोकं माझ्या मांडीवर होतं, पाटील. तुमच्या नव्हतं." तिनं आत्मारामाकडं बघितलं. "'कौल फिरवलंन, हौशे. कौल फिरवलंन.' असं बोलले. कुणी, ते सांगायच्या आत संपले."

आप्पा हसला. मेलेल्या माणसाच्या उशाशी उभा राहून हसला. "फिरवला काय न् फिरवलंन काय. एकच ते! बामणी लिहिलं की फिरवला, आमचं गावठी बोललं की फिरवलंन."

आत्माराम हसला नाही. तो मिऱ्या बंदरचा, मचवा हाकणाऱ्या तांडेलाचा पोर. वीस वर्षं घाटावर नोकरी करून त्याची जीभ घाटी झाली होती, पण कान अजून आईचेच होते.

"पाटील," तो सावकाश म्हणाला, "देवीनं दिला तो कौल. तो कुणी फिरवला तर आपल्याकडचा माणूस काय म्हणेल?"

"फिरवलान म्हणेल."

"फिरवलान. तो कौल, फिरवलान. मग 'फिरवलंन' काय? ते काय असतं?"

आप्पानं पंचनामा पुन्हा डोळ्यांपुढं धरला.

"तो कौल नव्हे, पाटील. ते कौल." आत्मारामानं बोट वर केलं. "ते कौल कुठं असतं?"

ओटीवरच्या सगळ्यांच्या माना एकदम छपराकडं वळल्या.

३

देवळाला शिखर नव्हतं. जांभ्याच्या भिंती आणि वर नळीची देशी कौलं, गाभाऱ्यावरही तीच. मागच्या भिंतीला शिडी टेकलेली होती आणि शिडीच्या पायथ्याशी रक्तानं माखलेला जांभ्याचा चिरा पडला होता. पंचनाम्यात चिरा होता, शिडी नव्हती. आप्पाला शिडी दिसली नाही, कारण शिडीनं त्याची गोष्ट बिघडत होती. लिहिणाऱ्याचा डोळा नेहमी लेखणीच्या मागून चालतो.

आत्माराम वर चढला. शेवाळानं काळवंडलेली कौलं ओळीनं उपडी पडलेली होती. पूर्वेच्या उतारावर, बरोबर गाभाऱ्याच्या डोक्यावर, एक कौल मात्र उताणं होतं. पोट वर करून मेलेल्या माशासारखं. त्याच्या दोन्ही बाजूंना बोट जाईल एवढ्या फटी पडल्या होत्या. शेवाळावर ताजे ओरखडे होते.

त्यानं फटीला डोळा लावला. खाली अंधारात पावणाईचा काळा पाषाण होता आणि सकाळचं ऊन त्याच फटीतून खाली उतरून देवीच्या एका खांद्यावर पट्ट्यासारखं पडलं होतं. दुसरा खांदा ओलसर, काळोखात.

ओल्या दगडावर पाण्यानं चिकटवलेली कळी. त्यावर कडकडीत ऊन. पाणी सुकलं की कळी सुटली! इतकं सोपं. देवीला विचारायचं ढोंग खाली चाललेलं, आणि उत्तर छपरावर कधीच लिहून ठेवलेलं.

खाली उतरून त्यानं हौसाला विचारलं, "काल कौल झाल्यावर ते कसे होते?"

"जेवले नाय. मी म्हटलं, काशीभाऊंच्या शिव्या लागल्या काय? तर म्हणाले, शिव्यांचं काय नाय. चाळीस वर्षं गाभाऱ्यात काढली, आत ऊन कधी बघितलं नाय. काल बघितलं. उद्या वर जाऊन बघतो."

म्हणजे भागोजी पहाटे पूजेला नव्हे, छपरावर बघायला गेला होता. आणि तिथं त्याला कुणीतरी गाठलं होतं, कौल सरळ करून पुरावा मिटवायला आलेलं.

"चला पाटील," आत्माराम म्हणाला. "आता डाव्या कौलानं ज्याचं भलं झालं, त्याच्या पायऱ्या चढू."

आप्पानं पागोटं सावरलं. "खोतसाहेबांकडं? साहेब, मामलेदार त्यांच्या पंक्तीला बसतात!"

"बसू देत. मी जेवायला चाललेलो नाय."

४

जयवंतराव खोत माजघराच्या दारात झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होता. उठला नाही. फौजदारासमोर उठायचं नाही हा त्याच्या घराण्याचा तीन पिढ्यांचा पराक्रम.

"काशीरामाला अजून रत्नागिरीला रवाना केला नाहीत, मयेकर?"

"नाही. काल सकाळी गाभाऱ्यात काय बघितलंत ते सांगा."

"काय म्हणजे? देवीचं सत्त्व बघितलं!" खोताचा चेहरा उजळला. "गुरव गाऱ्हाणं घालतोय, धूप जळतोय, आणि एकाएकी वरून उजेडाचा झोत आला. धुरात सोन्याचा खांब उभा राहावा तसा. थेट देवीच्या डाव्या खांद्यावर! आणि कळी पडली. मी साष्टांग घातला, मयेकर. गुरवाला म्हटलं, बघितलंस? देवी खोताची आहे. तो मेला नुसता वर बघत राहिला."

"हे तुम्ही आणखी कुणाला सांगितलंत?"

"सगळ्या गावाला सांगणार आहे! उद्या मतदानाच्या आधी."

आत्माराम त्याच्याकडं बघत राहिला. मनात म्हणाला, हा माणूस नीच आहे, पण ह्या बाबतीत नुसता मूर्ख आहे. ज्यानं छपराला भोक पाडलं तो त्या भोकातून आलेला उजेड चारचौघांना बोट करून दाखवील काय? चोर कधी आपलीच शिडी मिरवतो?

मग डावा कौल हवा होता कुणाला? खोताखेरीज कुणालाच नाही. आणि खोतानं तो केला नव्हता. गाडं इथंच रुतलं.

"दगड कुणी घातला ते कळलं, आता आणखी काय हवंय तुम्हाला?" खोत अडकित्ता खाली ठेवून म्हणाला. "उद्याचा दिवस काशीरामाला कोठडीत ठेवा. परवा सोडलात तरी माझी हरकत नाही."

"म्हणजे तो खुनी आहे की नाही ह्याच्याशी तुम्हाला देणंघेणं नाही?"

"मतदान उद्या आहे, मयेकर."

एवढं उघडं बोलायला छाती लागते किंवा लाज सोडावी लागते. आत्माराम काही बोलणार इतक्यात बाहेर आरडाओरडा झाला. वाडीच्या बाजूला धुराचा लोट उठला होता.

काशीरामाचं घर पेटवलं होतं.

५

आधी गवताची उडवी, मग पडवी, मग घर. वाऱ्यानं आग आत घुसली होती. खोताचे गडी बांधावर उभे राहून बघत होते आणि विहिरीवर कुणाला जाऊ देत नव्हते. आत्मारामानं पहिल्याच्या छातीत लाथ घालून त्याला बांधाखाली लोटला. दुसऱ्यानं काठी उगारली, ती हवालदारानं त्याच्याच गुडघ्यावर मोडली. वाट मोकळी झाली.

धुरातून महिपत बाहेर आला. खांद्यावर म्हातारी आई, सोनूबाई. त्याच्या हातांची सालं निघाली होती, भुवया जळाल्या होत्या. आईला केळीच्या बुंध्याशी ठेवलं आणि तो गर्दीकडं वळला. महिपत चार वर्षांचा असताना मामानं त्याला मुंबईला नेलं होतं, गिरणीत वाढला. भावाच्या निवडणुकीसाठी म्हणून महिन्यापूर्वी पहिल्यांदा गावात आला होता.

"भडव्यांनो!" तो ओरडला. "घर जाळता? भावाला मारता? कशापायी? त्या विकल्या गेलेल्या गुरवापायी? उजवी कळी पडली होती! उजवी! न् तो खोताचं मीठ खाऊन डावा कौल म्हणून बोंबलला!"

गर्दी पुन्हा खवळली. मेलेल्या गुरवाला शिवी! दगड उचलले गेले. आत्मारामानं महिपतची दंडाला धरून फरफट काढली आणि थेट देवळाची वाट धरली. जळक्या हातांनी महिपत सुटायला बघत होता.

"मला कशाला धरता? खोताला धरा!"

"तुला मार पडू नये म्हणून धरलंय. चल."

गाभाऱ्याचा पडदा बाजूला सारून दोघं आत शिरले. पाठोपाठ आप्पा पाटील आणि हौसाही आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण अडवायची कुणाची छाती नव्हती.

"महिपत, काल तू कुठं उभा होतास?"

"बाहेर. दीपमाळेशी. सगळ्यांनी बघितलंय."

"तिथून आतलं दिसतं?"

"पडदा होता. काय दिसणार?"

"मग उजवी कळी पडली हे तुला कुणी सांगितलं?"

महिपतनं पडद्याकडं बघितलं.

"आत दोघंच होते. गुरव म्हणाला डावी. खोत म्हणतो डावी. बाहेरचा सगळा गाव म्हणतो डावी, कारण त्यानं ओरडलेलं ऐकलं. एकटा तू म्हणतोस उजवी. तेसुद्धा शपथेवर सांगावं तसं. कोणती कळी पडणार हे न बघता ज्याला ठाऊक होतं, असा माणूस एकच असू शकतो. ती पाडायची सोय ज्यानं केली तो!"

बाहेर जळणाऱ्या घराचे वासे तडकल्याची फटफट ऐकू येत होती.

"मी मघापासून डोकं फोडून घेतोय," आत्माराम म्हणाला, "की डावा कौल कुणाला हवा होता. कुणालाच नको होता रे. छपरावर चढणाऱ्यालाही उजवाच हवा होता. आता सांग. देवीचा उजवा खांदा कुठचा?"

महिपत तिरस्कारानं हसला. हात वर करून त्यानं दाखवलं. आपल्या उजव्या हाताकडचा खांदा. छपरातली फट बरोबर त्याच खांद्याच्या वर होती.

हौसाच्या तोंडून बारीक आवाज निघाला.

"तो तुझा उजवा, महिपत," आत्माराम म्हणाला. "देवी तुझ्याकडं तोंड करून बसलीय. तिचा उजवा हात तिकडं आहे. इथलं शेंबडं पोरही कौल देवीच्या हातानं मोजतं. तुला कुणी शिकवलंच नाय."

महिपत देवीकडं बघत राहिला. एकदा आपल्या हाताकडं, एकदा पाषाणाकडं. सालं निघालेला हात तसाच वर.

"म्हणजे..." त्याचा आवाज फाटला. "म्हणजे गुरव खरं बोलत होता?"

"जे पडलं तेच बोलला."

मग महिपतनं जे केलं ते कुणाला थोपवता आलं नाही. त्यानं उंबरठ्याच्या दगडावर आपलं कपाळ आपटलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. हाडाचा आवाज झाला. आत्मारामानं आणि आप्पानं मिळून त्याला ओढला तेव्हा डोळ्यांत रक्त उतरलं होतं.

"मी पहाटे कौल सरळ करायला गेलो," तो धापा टाकत म्हणाला. "तर हा आधीच शिडीवर. वरून ओरडला, 'तू फिरवलंस काय रे हे?' मी म्हटलं, मी कौल फिरवलं, पण तू देवीचा शब्द फिरवलास! किती घेतलेस खोताकडून? तो खाली उतरला. म्हणाला, 'मी कुणाचं काय घेतलं नाय. गावाला जाऊन सांगतो सगळं.' आणि वळला. तो वळला न् मी..." त्यानं आपल्या हातांकडं बघितलं. "आम्ही तिकडं संपात फुटलेल्या माणसाला सोडत नाय, साहेब. मला वाटलं हा फुटलेला."

"आणि भावाला झाडाला बांधलं तेव्हा?"

"चौघं होते माझ्या छातीवर." तो थांबला. "सांगायचं होतं. जीभ उचलली नाय."

हौसा पुढं आली. ती त्याच्या तोंडावर थुंकली. आणि बाहेर निघून गेली.

६

शाळेत बाकावर पालथा पडलेल्या काशीरामाला आत्मारामानं सगळं सांगितलं. पाठीवर हळदीचा लेप, त्यातून रक्त वर येत होतं. तो ऐकत राहिला.

"फाशी?" शेवटी एवढंच विचारलं.

"बहुतेक."

"त्यानं माझ्यासाठी केलान."

"हो."

"मी सांगितलं नव्हतं, साहेब."

"माहीत आहे. पण 'डोकं फोडीन' हे तूच बोललास. त्यानं शब्द उचलला."

मतदानाच्या सकाळी त्याचे पाठीराखे शाळेच्या मागं जमले. सगळ्यांचं म्हणणं एकच. फौजदार सुटका करतोय, झालं. महिपतला धरलंय हे गावात फुटलेलं नाही. आप्पा पाटील स्वतःच्या पंचनाम्यापायी गप्प बसेल. तोवर सांगून टाकू, कौल खोतानं फिरवला. छपराचं भोक तर खरंच आहे! संध्याकाळपर्यंत तरी टिकेल.

"खोत हेच करीत आलाय पिढ्यान् पिढ्या," त्यातला एक म्हणाला. "एक दिवस आपण केलं तर देव कोपत नाय."

आत्माराम दारात उभा होता. खुनी कोण ह्याची गावात दवंडी पिटायचं बंधन कायद्यानं त्याच्यावर नव्हतं. तो काशीरामाकडं बघत होता.

काशीराम भिंतीला धरून उभा राहिला. मतदानाच्या खोलीपुढं रांग लागली होती; अंगणात विहिरीचा कट्टा होता. त्यावर दोघांच्या आधारानं तो चढला. उघड्या पाठीवरचे वळ सगळ्यांना दिसत होते.

"गाववाल्यांनो, कौल खोटा होता. छपराचं कौल फिरवून पाडलेला. पण ते खोतानं नाय फिरवलंन. माझ्या भावानं फिरवलंन, मी निवडून यावा म्हणून. आणि भागोजींनाही त्यानंच मारलंन. भागोजी सच्चा माणूस होता. मी त्याला कुत्रा बोललो. ती जीभ माझी." त्याला धाप लागली. "आता देवीला विचारू नका. मला द्या, खोताला द्या, नायतर घरी जा. पण आपलं आपण ठरवा."

खोताच्या माणसांनी हुर्यो केली. एक दगड आला आणि काशीरामाच्या गालफडावर बसला. तो पडला नाही. रांगेतले काहीजण थुंकून निघून गेले. काहीजण खाली बघत राहिले. एक म्हातारं कूळ रांगेतून बाहेर आलं, खोताच्या कारभाऱ्यासमोर उभं राहून त्यानं पायातली पायताणं नीट घातली आणि परत रांगेत जाऊन उभं राहिलं.

मोजणी राजापूरला कचेरीत झाली. सगळ्या पट्ट्याच्या पेट्या रिकाम्या केल्या, पुन्हा मोजल्या, तिसऱ्यांदा मोजल्या. जयवंतरावांना जितकी, काशीरामाला तितकीच.

निवडणूक अधिकाऱ्यानं कायद्याचं पुस्तक चाळलं आणि घसा साफ केला. समसमान झाली तर चिठ्ठ्या टाकाव्यात, असा नियम होता. दोन नावं लिहून, घड्या घालून, शिपायाच्या पितळी ताटात टाकायच्या. डोळे मिटून एक उचलायची.

काशीराम उठला.

"बसा की. तुमच्यासमोर काढू," अधिकारी म्हणाला.

"हा सरकारी कौल तुमचा तुम्ही लावा, साहेब. एक बघितला तो पुरे झाला."

तो बाहेर आला. कचेरीच्या पायरीवर हौसा बसली होती. आत्मारामानं तिला न्यायाधीशापुढं जबानी द्यायला आणली होती. पांढरं लुगडं, रिकामं कपाळ. काशीराम तिच्यापासून दोन पायऱ्या खाली बसला. जवळ बसायचा हक्क आपल्याला नाही हे त्याला कळत होतं. आत्माराम खांबाला टेकून उभा होता.

आत एकदम ओरडा झाला. कुणाचं नाव निघालं हे विचारायला काशीराम उठला नाही. खोताचे ताशे वाजले तेव्हा आपोआप कळलं.

"सारखीच पडली काय हो मतं?" हौसानं विचारलं. त्याच्याकडं न बघता.

"सारखीच, वहिनी."

"आमच्या माणसाचं तुमालाच पडायचं होतं."

काशीरामानं मान वळवली. सुजलेला डोळाही उघडायला बघत होता. "भागोजींचं? कौल डावा पडल्यावरसुद्धा?"

"कौल देवीचा होता," हौसा म्हणाली. "मत त्यांचं होतं."

ताशे फाटकातून बाहेर पडले. गुलालाची मूठ उडाली, थोडी वाऱ्यानं पायऱ्यांपर्यंत आली. काशीरामानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि फोकाखाली, दगडाखाली, भावाच्या बेड्यांसमोर जो आवाज त्यानं काढला नव्हता, तो आता काढला.